फ्रंट लोड घ्यायचंय : किती किलोचं, किती आरपीएमचं आणि मुळात घ्यावं का?

शेवटचा_बाक

नमस्कार मंडळी,

आमचं टॉप लोड (वरून कपडे टाकायचं) वॉशिंग मशीन बारा वर्षं इमानेइतबारे खडखडून परवा कायमचं थांबलं. दुरुस्तीवाल्याने आत डोकावून पाहिलं आणि काही न बोलता पाने पिशवीत भरायला लागला, तेव्हाच समजलो. आता घरात ठराव झालाय की या वेळी फ्रंट लोड, म्हणजे पुढून दार असलेलं. ठराव बायकोने मांडला, मुलीने अनुमोदन दिलं, आईचा विरोध नोंदवून घेतला.

माणसं चार. रोजचे सुती कपडे, मुलीचे चिखलाने माखलेले खेळाचे कपडे, आठवड्यातून एकदा चादरी आणि टॉवेल. पाणी क्षाराचं आहे, बादलीला पांढरा थर धरतो. राहतो सगळ्यात वरच्या मजल्यावर, टाकी डोक्यावरच.

प्रश्न असे : ७, ८ की ९ किलो? पिळताना १००० आरपीएम (मिनिटाला फेरे) पुरतं की १४०० हवं? डायरेक्ट ड्राइव्हचं एवढं कौतुक का? हीटर खरंच वापरता का? आणि वाफ, वायफाय, एआय वगैरे दुकानदार पाठ म्हणून दाखवतो त्यातलं कामाचं काय?

आईचे आक्षेप जसेच्या तसे देतो : "वाकावं लागतं. खाली पडलेला मोजा मागाहून टाकता येत नाही. आणि तांब्याभर पाण्यात कपडे काय धुऊन निघणार?"

निवांत

आईंचे तिन्ही मुद्दे बरोबर आहेत. धागा इथेच बंद करायला हरकत नाही. (हलके घ्या.)

मुक्ता७७

आम्ही चौघांसाठी ७ किलोचं घेतलं आणि पस्तावलो नाही, पण पुन्हा घेताना ८ किंवा ९ चं घेईन. डब्यावरचा किलोचा आकडा कोरड्या सुती कपड्यांचा असतो आणि तोही फक्त सुती प्रोग्रॅमवर. सिंथेटिकला तेच मशीन साधारण निम्मं घेतं. पंधरा मिनिटांच्या झटपट प्रोग्रॅमला तर एक-दोन किलोच. पुस्तिकेत मागच्या पानांवर तक्ता असतो, तो विकत घेण्याआधी वाचावा. मी घेतल्यानंतर दोन वर्षांनी वाचला.

एक करून बघा. कपडे पिशवीत भरून वजनकाट्यावर उभे राहा, मग पिशवी ठेवून पुन्हा उभे राहा. आमचे दोन दिवसांचे कपडे साडेपाच किलो भरले. (त्याच वेळी दुसराही एक आकडा कळला, तो इथे लिहीत नाही.)

आणि ड्रम गच्च भरायचा नाही. कपडे टाकल्यावर वरच्या बाजूने हाताचा पंजा उभा आत गेला पाहिजे. फ्रंट लोडमध्ये कपडे वर उचलले जाऊन खाली आपटतात, तेच धुणं. आपटायला जागाच नसली तर नुसते ओले होऊन फिरतात.

उंटावरचा_शहाणा

मी विरोधी पक्षात. पाच वर्षं फ्रंट लोड वापरलं, विकून टाकलं, पुन्हा टॉप लोडवर आलो. कारणं : दाराच्या रबराला काळी बुरशी, टॉवेलना ओलसर कुबट वास आणि अडीच-अडीच तास चालणारे प्रोग्रॅम. सकाळी लावलेले कपडे दुपारी काढायचे म्हणजे धुणं की उपास?

खटपट्या

शहाणेदादा, बुरशीबद्दल नंतर भांडू. आधी आरपीएम.

मी वीस वर्षं मशिनं खोलतोय, तेव्हा थोडं गणित चालवून घ्या. पिळताना कपड्यांवर पडणारा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ड्रमची त्रिज्या पाव मीटर धरली तर १००० आरपीएमला गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे २८० पट, १२०० ला ४०० पट आणि १४०० ला जवळजवळ ५५० पट. म्हणजे १००० वरून १४०० वर गेलात की जोर दुप्पट.

पण पाणी काही दुप्पट निघत नाही. सुती कपडा १००० ला पिळला तरी स्वतःच्या कोरड्या वजनाच्या साधारण ६० टक्के पाणी धरून बसतो. १४०० ला ते ५० टक्क्यांच्या आसपास येतं. ड्रायर वापरणार असाल किंवा दमट हवेत घरातच दोरीवर वाळवत असाल तर हा फरक मोठा. गच्चीत उन्हात टाकणार असाल तर १००० किंवा १२०० भरपूर झालं. शिवाय सुरकुत्या कमी पडतात.

कानामात्रा

४०० पट म्हणजे माझा पाव किलोचा शर्ट आत शंभर किलोचा होतो??

खटपट्या

फिरतोय तोवर, हो.

कानामात्रा

म्हणूनच बाहेर आल्यावर तो असा चेहरा करतो.

आजोबा_ऑनलाइन

अवांतर. घरगुती स्वयंचलित फ्रंट लोड मशीन १९३७ सालचं, अमेरिकेतल्या बेंडिक्स कंपनीचं. कपडे आत टाका, दार लावा, बाकी ते बघेल, अशी तेव्हाची मोठीच नवलाई. पण त्यात हादरे जिरवायची सोय नव्हती. मशीन चक्क जमिनीला बोल्ट मारून पक्कं करावं लागे, नाहीतर पिळताना खोलीभर फिरे. आजच्या मशिनमध्ये ड्रम ज्यात फिरतो तो टब वरून स्प्रिंगांना टांगलेला असतो, खालून शॉकअप लावलेले असतात आणि टबाला काँक्रीटचं वजन बांधलेलं असतं. मशीन उचलताना कंबरेत जी कळ येते ती या काँक्रीटची.

टिंबटिंब

काँक्रीट?? वॉशिंग मशिनमध्ये?

आजोबा_ऑनलाइन

हो. काही मशिनमध्ये ओतीव लोखंड असतं. रिकामी पेटी फिरत्या ड्रमपुढे टिकायची नाही.

सावळागोंधळ

धागाकर्ते, टाकी डोक्यावरच आहे म्हणालात, हे सगळ्यांच्या नजरेतून सुटलं. आम्हीही वरच्याच मजल्यावर. मशीन आलं, लावलं, दहा मिनिटांनी पाणी येत नसल्याची खूण दाखवून थांबलं. नळाला पाणी होतं! पण दाब नव्हता.

दहा मीटर उंचीवरून आलेलं पाणी साधारण एक बार दाब देतं. अनेक मशिनच्या पुस्तिकेत किमान ०.३ ते ०.५ बार लिहिलेलं असतं, म्हणजे टाकीतली पाण्याची पातळी मशिनच्या नळापेक्षा किमान तीन ते पाच मीटर वर हवी. वरच्या मजल्यावर ती अनेकदा नसते. आम्हाला शेवटी छोटा प्रेशर पंप बसवावा लागला. तेव्हा मॉडेल ठरवण्याआधी टाकीची उंची मोजा आणि पुस्तिकेतला किमान दाब बघा. कमी दाबावर चालणारी मॉडेलं मिळतात.

आणि हो, पाण्याच्या तोंडाशी जाळी असते, तीही बघा. आमच्या पंपाच्या खरेदीनंतर कळलं की जाळीत अर्धी वाळू होती. पंप लागलाच असता, पण बायको अजून तसं मानत नाही.

शेवटचा_बाक

बापरे, दाबाचा विचारच केला नव्हता. उद्या गच्चीवर टेप घेऊन जातो. बाकी उत्तरांचीही वाट बघतोय. आईने तिसऱ्या आक्षेपाचं काय झालं म्हणून विचारलंय.

मुक्ता७७

आईंना सांगा, टॉप लोडमध्ये कपडे पाण्यात पोहतात, म्हणून टबभर पाणी लागतं. फ्रंट लोडमध्ये पाणी फक्त तळाशी असतं. कपडे त्यात बुडून वर जातात आणि आपटतात. दगडावर कपडे आपटणाऱ्याला तरी कुठे तळं लागतं!

पण खळबळण्याबद्दल त्यांची शंका अगदीच चूक नाही. कमी पाण्यात साबण थोडा राहतो. माझ्या लेकाला अंगाला खाज सुटायची तेव्हा मी जादा खळबळण्याचं बटण कायमचं चालू ठेवलं आणि साबण निम्मा केला. दोन्हींपैकी साबण निम्मा केल्याचा उपयोग जास्त झाला असावा.

खटपट्या

झालाच असणार. दुरुस्तीला जातो तेव्हा दहातल्या निम्म्या घरी दोष साबणाचा असतो. फ्रंट लोडला कमी फेसाचा साबण लागतो. फेस जास्त झाला की तो गादीसारखा मध्ये येतो, कपडे आपटतच नाहीत. मशिनला फेस कळतो, मग ते खळबळण्याच्या फेऱ्या वाढवतं आणि लोक तक्रार करतात की वेळ फार लागतो.

आता शहाणेदादांची बुरशी. सांगा बरं : ३० अंशाच्या वर कधी धुतलंच नाही ना? द्रव साबणच वापरत होता ना? आणि धुणं झाल्यावर दार लावून टाकत होता?

उंटावरचा_शहाणा

तिन्ही हो. दार उघडं ठेवलं तर येता-जाता गुडघ्याला लागतं. तुम्ही काय माझ्या न्हाणीघरात बसला होता का?

खटपट्या

वास येतो त्या सगळ्या घरांत हेच असतं हो. पावडरमध्ये बहुतेक वेळा ऑक्सिजन ब्लीच असतं, ते गरम पाण्यात जंतू आणि डाग दोन्ही खातं. द्रव साबणात ते नसतं. कायम थंड पाणी आणि द्रव साबण असेल तर ड्रमच्या बाहेरच्या बाजूला, जिथे नजर जात नाही तिथे, साबणाचा आणि मळाचा बुळबुळीत थर धरतो. वास तिथून येतो. रबर कितीही पुसा.

उपाय साधा आहे. महिन्यातून एकदा रिकामं मशीन ६० किंवा ९० अंशावर पावडर टाकून चालवा. चादरी-टॉवेल ६० वर धुवा. दार आणि साबणाचा खण उघडा ठेवा. रबराची घडी पुसा. क्षाराचं पाणी असेल तर अधूनमधून सायट्रिक ॲसिड टाकून गरम पाण्यावर फिरवा, हीटरवरचा पांढरा थर सुटतो. मात्र क्लोरीनचं ब्लीच आणि ॲसिड कधी एकत्र नको, विषारी वायू होतो.

टॉवेलना सॉफ्टनर घालू नका. मऊ होतात, पण पाणी टिपायचं विसरतात.

उंटावरचा_शहाणा

हे सगळं करण्यापेक्षा हाताने धुणं सोपं आहे. बरोबर असाल तुम्ही. तरी मी टॉप लोडवरच राहणार, माझा गुडघा तुमच्याकडे दुरुस्त होत नाही.

लघुरूप

हीटरबद्दल. ६० अंशावर धुताना किती वीज जाते याचा लोक बागुलबुवा करतात. मशीन आत पाणीच थोडं घेतं, धुण्याच्या फेरीला समजा १२ लिटर. ते २० वरून ६० अंशावर न्यायला अर्ध्या युनिटपेक्षा थोडी जास्त वीज लागते, ४० वर न्यायला त्याच्या निम्मी. कपडे आणि ड्रम तापायला लागते ती वेगळी. एकूण विजेतला मोठा वाटा पाणी तापवण्याचाच, मोटर फार खात नाही. म्हणून रोजचे कपडे ३० वर, आतले कपडे आणि चादरी ६० वर, असा आमचा हिशेब. धुळीतले सूक्ष्म किडे, ज्यांनी शिंका येतात, ते ६० ला मरतात. घरात ॲलर्जी असेल तर हीटर नसलेलं मशीन घेऊच नका.

वेळेचंही तेच. हर्बर्ट सिनर नावाच्या जर्मन तज्ज्ञाने १९५९ मध्ये मांडलेलं एक वर्तुळ आहे : रसायन, उष्णता, आपटणं आणि वेळ. एक वाटा कमी केला की दुसरा वाढवावा लागतो. इको प्रोग्रॅम तीन तास का चालतो? उष्णता कमी केली, ती वेळेतून वसूल करतो. युरोपात मार्च २०२१ पासून आलेल्या नव्या ए ते जी लेबलवरचा विजेचा आकडाही इको ४०-६० याच प्रोग्रॅमचा असतो. लेबल बघून मशीन घ्यायचं आणि रोज झटपट प्रोग्रॅम लावायचा, तर त्या आकड्याचा आपल्याशी संबंध उरत नाही.

निवांत

चार वाटे आणि एक कमी केला की दुसरा वाढतो. आमच्या भावांच्या वाटणीत असं झालं असतं तर बरं झालं असतं.

टिंबटिंब

खटपट्या, डायरेक्ट ड्राइव्ह राहिलं की. दुकानदार म्हणतो बेल्ट म्हणजे जुनाट.

खटपट्या

मुद्दाम मागे ठेवलं होतं, कारण लिहायला वेळ हवा होता.

डायरेक्ट ड्राइव्हमध्ये मोटर थेट ड्रमच्या मागे बसते, मध्ये बेल्ट नाही. एलजीने आपलं असं मशीन १९९८ मध्ये बाजारात आणलं. आवाज कमी, हादरे कमी, चांगलीच गोष्ट. पण बेल्टचं मशीन वाईट असं अजिबात नाही. बेल्ट स्वस्त असतो, दहा मिनिटांत बदलतो. बघायचं ते मोटर कुठली हे. जुन्या पद्धतीच्या मोटरीत कार्बन ब्रश असतात, ते झिजतात आणि बदलावे लागतात. ब्रश नसलेली इन्व्हर्टर मोटर बेल्टवरही चालते आणि थेटही. ती घ्या.

आणि 'मोटरला १० वर्षांची वॉरंटी' हे स्टिकर बघून विरघळू नका. माझ्याकडे येणाऱ्या मशिनांत मोटर गेलेली क्वचित असते. जातं ते बेअरिंग, नाहीतर कंट्रोल बोर्ड. स्टिकरच्या खाली बारीक अक्षरात बोर्डाला किती वर्षं लिहिलीत ते वाचा.

बेअरिंगची कथा अशी. ड्रमच्या मागे दांडा, दांड्याभोवती बेअरिंग, पुढे पाणी अडवणारं रबरी सील. सील झिजलं की पाणी बेअरिंगमध्ये शिरतं, गंज धरतो आणि पिळताना विमान उडाल्यासारखा आवाज यायला लागतो. सील आणि बेअरिंग हे सुटे भाग तसे मामुली. पण तिथवर पोचायला टब उघडावा लागतो. पूर्वी टबाचे दोन अर्धे भाग स्क्रूने जोडलेले असत. आता कित्येक मशिनांत ते वितळवून कायमचे जोडलेले असतात. मग त्या मामुली बेअरिंगसाठी टब, ड्रम सगळं एकगठ्ठा बदलायचं. त्या बिलात लोक नवीन मशिनचा विचार करायला लागतात, आणि चांगलं चालणारं मशीन भंगारात जातं. मला याचा फार राग येतो. हाताने दुरुस्त होईल अशी वस्तू मुद्दाम बंद करून ठेवायची म्हणजे काय!

म्हणून दुकानात वायफाय विचारण्यापेक्षा हे विचारा : या मॉडेलचा टब उघडतो का? बेअरिंग सुटं मिळतं का? दुकानदाराला बहुधा माहीत नसतं. तुमच्या भागात जो माणूस मशिनं दुरुस्त करतो त्याला एक चहा पाजा आणि त्याला विचारा.

अजून एक. ड्रमला मागून धरणारा तीन हातांचा ॲल्युमिनियमचा सांगाडा असतो. ज्यादा साबण आणि कायमचा ओलावा त्याला कुरतडतात. एक दिवस हात तुटतो आणि ड्रम टबाला आपटून सगळंच संपतं. परत साबणावरच आलो.

कानामात्रा

एवढं मनापासून लिहिलेलं वाचून मला माझ्या मशिनची माफी मागावीशी वाटली. +१.

सावळागोंधळ

उंदरांचंही लिहा कुणीतरी. अनेक मशिनं खालून उघडी असतात. आमच्याकडे आत शिरून वायरी कुरतडल्या, आणि वॉरंटीत उंदीर बसत नाहीत. खालून बसवायची जाळी मिळते, पहिल्याच दिवशी लावून घ्या. नंतर मशीन आडवं करायला चार माणसं लागतात.

अर्धविराम

वायफायबद्दल अनुभव. मशीन फोनवर कळवतं की धुणं झालं. मी बाहेर असतो. मला कळून उपयोग काय? घरी असलेल्यांना मशीन स्वतःच गाणं म्हणून सांगतं. एआयचा उपयोग एवढाच दिसला की कपड्यांचं वजन पाहून पाणी-वेळ ठरवतं, आणि तेवढं तर साध्या मशीनचं वजन ओळखणारं यंत्रही करतं.

वाफेने सुरकुत्या थोड्या कमी होतात. डाग वाफेने जात नाहीत.

वॉशर-ड्रायर एकत्र घ्यायचा मोह झाला तर एवढंच बघा : धुण्याची क्षमता ८ किलो आणि वाळवण्याची ५, असं असतं. म्हणजे धुतल्यावर अर्धे कपडे बाहेर काढून दोन खेपांत वाळवायचे.

मुक्ता७७

आणि जागा! मशीन साधारण ६० सेंटिमीटर रुंद आणि ८५ उंच असतं, ते सगळे मोजतात. खोली मात्र मॉडेलगणिक बदलते, कागदावरच्या आकड्यात मागचे पाइप आणि पुढे फुगलेलं दार बहुतेकदा धरलेलं नसतं. दार कुठल्या बाजूला उघडतं तेही बघा. माझ्या बहिणीकडे मशिनचं दार आणि न्हाणीघराचं दार यांपैकी एका वेळी एकच उघडतं. सांडपाण्याचा पाइप फार खाली सोडू नका. पुस्तिकेत उंची दिलेली असते, बहुधा ६० ते १०० सेंटिमीटर. खाली राहिला तर पाणी आपोआप ओढलं जाऊन वाहत राहतं आणि मशीन भरतच बसतं.

आईंच्या वाकण्यासाठी खाली पक्का स्टँड घ्या. चाकांचा नको, पिळताना ती चाकं काय करतील सांगता येत नाही. नाहीतर समोर छोटं स्टूल ठेवून बसून कपडे काढायचे. माझी सासू तसंच करते.

मोजा राहिला तर बहुतेक मशिनांत पॉज करता येतं. पाणी दाराच्या खाली आणि फार गरम नसेल तर मिनिटा-दोन मिनिटांत कुलूप सुटतं.

शेवटचा_बाक

सर्वांना धन्यवाद. गच्चीवर जाऊन मोजलं : टाकीचं पाणी नळापासून जेमतेम साडेतीन मीटर वर. म्हणून दुकानात पहिला प्रश्न दाबाचा विचारला. दुकानदार म्हणाला, "साहेब, असं कोणी विचारत नाही." पुस्तिका उघडायला लावली. तीन मॉडेलं तिथेच गळली.

आमच्या भागातल्या दुरुस्तीवाल्याला खरंच चहा पाजला. तो पाऊण तास बोलला आणि दोन नावं दिली, दोन्हींचा टब स्क्रूचा. त्यातलं एक ठरवलं : ८ किलो, १२०० आरपीएम, बेल्टवरची इन्व्हर्टर मोटर, हीटर आहे, वायफाय नाही. मुलगी वायफायसाठी रुसली आहे. रविवारी येतंय.

निवांत

फोटो टाका. मुलीचा नको, मशिनचा.

शेवटचा_बाक

मंडळी, मदत!! मशीन आलं. बसवणारा माणूस दोन दिवसांनी येणार होता, पण मेहुणा म्हणाला, "त्यात काय आहे, दोन पाइप आणि एक प्लग." जोडलं. धुतलं छान. पिळायला लागलं आणि असं थरथरलं की चालत चालत कोनाड्यातून हातभर बाहेर आलं, प्लग उपटला आणि थांबलं. आई म्हणते, ते घर सोडून चाललं होतं. पाणसळ लावून पाहिली, पाय चारही बाजूंनी समतल आहेत. नवं कोरं मशीन बिघडलेलं निघालं का?

खटपट्या

मागचे बोल्ट काढले का?

शेवटचा_बाक

कुठले बोल्ट?

खटपट्या

मागच्या बाजूला तीन-चार मोठे बोल्ट असतील, प्लास्टिकच्या नळ्यांसकट. वाहतुकीत ड्रम हलू नये म्हणून तो त्यांनी जखडलेला असतो. ते न काढता पिळलंत म्हणजे स्प्रिंगा आणि शॉकअप कामालाच आले नाहीत, सगळा हादरा पेटीला. पान्याने काढा, भोकांना सोबत दिलेली झाकणं लावा. बोल्ट फेकू नका, घर बदलताना तेच परत लावायचे. एकदाच झालंय तर बहुधा काही बिघडलं नसेल. आणि बसवणारा येईल तेव्हा त्याच्याकडूनच तपासून घ्या, वॉरंटीसाठी बरं असतं.

आजोबा_ऑनलाइन

१९३७ चा अनुभव घरबसल्या घेतलात.

शेवटचा_बाक

चार बोल्ट निघाले. मेहुण्याला फोटो पाठवलाय, तो अजून उत्तर देत नाहीये. मशीन आता १२०० वर फिरतं आणि वर ठेवलेला पाण्याचा पेला नुसता शहारतो. बसवणाऱ्यानेही बघून ठीक म्हटलं, जाळी बसवून दिली.

उंटावरचा_शहाणा

अभिनंदन. पाच वर्षांनी भेटू.

शेवटचा_बाक

तीन आठवड्यांनंतरची खबर. पावडर वापरतो, पुडीवर लिहिलेल्याच्या निम्मी. चादरी ६० वर. दार उघडं, गुडघा शाबूत. चिखल निघतो, फक्त आधी वाळवून झटकावा लागतो. पाण्याला दाब कमी म्हणून भरायला वेळ घेतं, पण अडत नाही.

आई स्टुलावर बसून पहिली पंधरा मिनिटं काचेतून बघत असते. तिच्या मते टीव्हीपेक्षा बरं. मात्र काल तिचा एक मोजा आत गेला आणि बाहेर आलाच नाही. ड्रम रिकामा, खाली पंपाचा फिल्टर उघडला तर तिथे एक हेअरपिन आणि एक बटण. ती आता मला रोज ऐकवते आहे.

मुक्ता७७

रबराची घडी. खालच्या बाजूला बोट घालून आत बघा.

शेवटचा_बाक

मिळाला. सोबत आणखी एक मोजा मिळाला, तो आमच्यापैकी कोणाचाच नाही.

खटपट्या

मेहुण्याला विचारा.